आबांची फटफटी सुरू करायची रीत

आई,

आबांनी पुण्याहून ती जुनी अवजड फटफटी आणली, तो आपल्या घरातला शेवटचा साधा दिवस. तिचं इंग्रजी पुस्तक मी मराठीत वाचून दाखवत होते, आबा किक मारत होते, आणि ती नुसती खोकत होती. तू ओसरीवरून म्हणालीस, "येवढ्यात म्हस दोनदा पिळून झाली असती."

"हसू नगंस. हिच्यावर बसून दर्या बघाय जानार हाय आमी!" आबा तुला म्हणाले.

त्या रात्री आबा झोपले ते उठलेच नाहीत.

आज गॅरेजवाले युनूसभाई फटफटी न्यायला येतील. इतके दिवस मी नको म्हणत होते. आता देऊन टाक. मी धरणाकडे चक्कर मारून येते. त्यांना सांग, पेट्रोलचा नळ उघडा, किक जड लागेपर्यंत हळू दाबा, मग अंगाचा सगळा भार टाका. आज पहाटे तू पाण्याला गेलीस तेव्हा मला जमलं. धुक्यात धरण आणि आभाळ एकच झालं होतं, आणि ती उभ्या जागी दर्याला निघाल्यासारखी धडधडत होती.

भेटायला येणाऱ्यांना मी आजवर "आबा घरी नाहीत" एवढंच सांगत आले. त्या आवाजात मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "आबा गेले."