मामा, मीही तुमच्यासारखाच निघालो

प्रिय मामा,

वरचा 'प्रिय' लिहायला मला वीस मिनिटं लागली. तुम्ही जाऊन साडेतीन महिने झाले. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं करतोय, आता एकदम कसा थांबवू?

आज लिहायचं कारण असं की काल मुदखेडला, तुमच्याच घरात, तुमच्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, माझा आजार समजावून सांगायला गेलो होतो. आजार नव्हे, डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलंय, घडण. शोभाला ती समजली. पण तीही तुमच्यामुळे! मग काय करू? इथं लातूरला दुपारचे तीन वाजलेत, दुकानात वीज नाही, दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या जळक्या मोटारी थांबू शकतात.

मला ऑटिझम आहे, मामा. मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला पसंत नाही. मी स्वतःत मग्न कधीच नव्हतो, कामात होतो. जन्मापासून आहे म्हणे. कळलं बावन्नाव्या वर्षी.

शंका आली तुमच्या नातीला. अस्मिताच्या शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, त्यात लक्षणं सांगता सांगता तिला म्हणे बापच दिसायला लागला. "पप्पा, एकदा दाखवू या का?" मी भडकलो. मला कुणी काय सांगायचं? दहावी नापास माणूस मी, उस्ताद केला नाही. जळक्या मोटारी उघडून, तारेचा एकेक वेढा मोजून वाइंडिंग शिकलो. पण गेलो. लहानपणापासूनचं सगळं अकरा पानांत लिहून नेलं. बाई म्हणाल्या, "एवढी नीट माहिती मला आजवर कुणी दिली नाही." हे मी अभिमानानं शोभाला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "त्यातच त्यांना कळलं असंल."

आता खरं बोलतो. तुमचा हेवा कशाचा वाटायचा?

तुम्ही रेल्वेत कीमन. रोज ठरलेला पट्टा पायी चालायचा, रुळाच्या ढिल्या चाव्या हातोड्यानं ठोकून बसवायच्या. घरी आलात की बारा वाजून दहा मिनिटांनी भाकरी, त्याच ताटात, त्याच भिंतीशी. पाहुणे आले तरी तुम्ही बोलत नसायचात. लग्नकार्यात बँड वाजायला लागला की मागच्या बाजूला निघून जायचात. आणि शोभा तुमचं ताट पदराखाली झाकून तिथं घेऊन जायची! "आमच्या अण्णांना गलका सोसत न्हाई." किती कौतुक त्या बोलण्यात!

आणि मी? माझ्या साडूच्या मुलीच्या लग्नात मी डीजेपासून लांब जाऊन बसलो, तर हीच बाई कमरेवर हात ठेवून उभी. "माणसात यायला काय होऊन राहिलं तुम्हाला? लोक काय म्हणतील?" तुम्ही गप्प बसलात की साधू, मी गप्प बसलो की घुम्या. तुम्ही एकच भाजी आठ दिवस खाल्ली तर साधी राहणी, मी मागितली तर नखरे. हा कुठला न्याय, मामा? तुम्ही तरी एकदा तिला सांगायचं होतं!

आणि मग तुमच्या पुण्यानुमोदनाचा दिवस आला.

वंदना झाली, तुमच्या फोटोला हार घातले, भाषणं सुरू झाली. तुमच्या जुन्या मुकादमांनी माइक धरला. "समोरून एक्सप्रेस धडधडत आली! रूळ तुटलेला! अण्णांनी अंगातला लाल सदरा काढला, फडकावला आन हजार माणसं वाचवली!" बायका डोळे पुसायला लागल्या. शोभाही.

मी उभा राहिलो. मला वाटलं, हे माझं कर्तव्य आहे. कारण ही गोष्ट तुम्ही स्वतः मला सांगितली होती, आणि तिला फुगवलेलं तुम्हाला खपत नव्हतं. मी म्हणालो, "एक्सप्रेस नव्हती. मालगाडी होती, रिकामी. ती आधीच सिग्नलला उभी होती. रुळाला तडा होता, तुटला नव्हता. आणि सदरा खाकी होता."

तुमचा मुलगा दातओठ खात म्हणाला, "दाजी, बसा खाली." मी बसलो नाही. किलोमीटरचा आकडा राहिला होता, तो सांगितला आणि मग बसलो.

लोक गेल्यावर शोभा माझ्यापुढं आली. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "माझ्या बापाची एकच गोष्ट मोठी होती हो. तीबी तुम्ही मोजून घेतलीत."

ती माझ्यासोबत लातूरला परतली नाही. "आईपाशी राहते थोडे दिवस," म्हणाली. थोडे म्हणजे किती, ते सांगितलं नाही. फोनवर आपणहून विचारायची ते 'जेवलात का' एवढंच. तीन महिने! ती परत येईल की नाही हे मला तिच्या आवाजावरून ओळखता येईना. इतरांना येतं म्हणे.

म्हणून काल निघालो. वहीत सगळं मुद्देसूद लिहून नेलं. मामी सुपात ज्वारी पाखडत होत्या, शोभा भिंतीला टेकून बसलेली. मी सुरुवात मोटारीपासून केली. म्हटलं, समज, एकाच कंपनीच्या दोन मोटारी आहेत, बाहेरून सारख्या, पण आतलं वाइंडिंग वेगळं... शोभा म्हणाली, "मोटारीचं राहू द्या. तुम्हाला काय झालंय ते सांगा."

मामींनी सूप थांबवलं. "जावई येडे हायत का गं?"

"येडे न्हाईत, आई. मोजून शहाणे हायत."

हसली, मामा! तीन महिन्यांनी हसली. मग मी मोटार सोडून दिली आणि यादी वाचली. गलका सहन होत नाही. ठरलेलं बदललं की जीव घाबरा होतो. डोळ्यात बघून बोलता येत नाही. चुकीचं कानावर आलं की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. माया असते, दाखवता येत नाही.

"शेवटचं परत वाचा," ती म्हणाली.

वाचलं.

"हे तर आमचे अण्णा हायत!" आणि रडायला लागली.

एक मिनिट, मामा! जेमतेम एक मिनिट ती यादी माझी होती! बावन्न वर्षांनी मला एक गोष्ट मिळाली, तीही तुम्ही घेतलीत! तुमची तपासणी झालेली नाही, न बघितलेल्या माणसाबद्दल बाई काही सांगत नाहीत, तेव्हा तुम्हाला तेच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही. हे मी शोभालाही सांगायला तोंड उघडलं. पण काल, पहिल्यांदाच, मिटून घेतलं.

आणि मग ती जे बोलली, ते मला कधी सुचलंच नसतं.

"तुमच्याशी बोलायचे अण्णा. तुम्ही आलात की अंगणात दोन दोन तास. रूळ आन मोटारी, मोटारी आन रूळ. मी चहा आणून ठेवायची, मान वर करून बघत नव्हते. माझं लग्न लागलं, मी लातूरला निघाले, तर स्टेशनावरसुद्धा आले न्हाईत. त्यांचं ताट मी जन्मभर सांभाळलं, आन बोलणं तुमच्या वाट्याला! लई जळायची मी तुमच्यावर."

माझ्यावर! अठ्ठावीस वर्षं ती माझ्यावर जळत होती, आणि मी तुमच्यावर. एकाच घरात, एकाच चुलीपाशी!

तेव्हा मी तिला ते सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं. म्हटलं, "त्या दिवशी अण्णांची रजा होती. तरी ते पहाटे पट्ट्यावर गेले. तू ज्या गाडीनं जाणार, ती त्याच रुळावरून जायची होती. एरवी एकदा चालायचे, त्या दिवशी जाऊन येऊन दोनदा तपासला. तीन चाव्या ढिल्या निघाल्या. नीट बसवल्या. गाडी सुटली तेव्हा ते पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला उभे होते. तू डाव्या बाजूच्या खिडकीत होतीस, चौथ्या डब्यात. डबाही त्यांनी मला न विचारता बरोबर सांगितला."

तिनं माझी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर म्हणले असते, माझं मन राखायला सांगून राहिलेत." आणि पदरानं नाक पुसून, "तुम्हाला खोटं येतच न्हाई. तीनच चाव्या ना?"

"तीनच."

रविवारी ती येतेय. मी आणायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, "या. पण गाडीत मला मोटारी नकोत, अण्णा सांगा."

म्हणजे बघा! परत येतेय माझ्याकडे, आणि वाटेत ऐकणार तुम्हालाच!

तर मामा, माझा शब्द घ्या. तुम्ही मला जे जे सांगितलंत ते मी तिला सांगेन, न वाढवता, न घटवता. एक वाक्य मात्र देणार नाही. माझ्या दुकानात तुम्ही दुपारभर न बोलता बसला होतात आणि निघताना म्हणालात, "तुमच्यापाशी मला दमायला होत न्हाई." ते माझं आहे. मला कुणी दिलेलं एवढंच आहे. शोभाला मी खूप दमवलंय, ते आता मला लिहून नाही, समजून ठाऊक झालंय. तिच्या तोंडून हेच वाक्य एक दिवस मी ऐकेन, असं वागेन. आणि त्या दिवशी ती तुमच्याबद्दल बोलत नसेल, एवढं मात्र मी विचारून खात्री करून घेईन.

सप्रेम जयभीम.

तुमचा जावई,
प्रकाश