ओढायच्या पाच, ठेवायच्या वीस

31 मार्च
आज सेवानिवृत्त झालो. सिमेंट कंपनीच्या स्टोअरमध्ये तेहतीस वर्षे नट-बोल्ट सांभाळले, एक वायसर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. हार, नारळ, शाल, भाषणे. ते सगळ्यांनाच मिळते. खरी गोष्ट नंतर घडली. बड्या साहेबांनी मला एकट्याला केबिनमध्ये बोलावले. त्यांचीही बदली झाली आहे, राजस्थानला. टेबलाखालून एक लाकडी डबा काढून माझ्या हातात दिला. आत सिगार, प्रत्येकीवर सोनेरी कागद. विदेशी. पंचवीस. म्हणाले, गुणवंतराव, हे फक्त तुमच्यासाठी, कोणाला बोलू नका. आणि पुन्हा गडचांदूरला आलो तर तुमच्या घरी नक्की येईन.

आयुष्यभरात प्रमोशन एकच मिळाले, त्याचे दुःख आज धुऊन निघाले. साहेबांनी माणूस ओळखला.

तर ठरवले. आजपासून रोजनिशी, तीही शुद्ध भाषेत. बिडी बंद. आणि सिगार: ओढायच्या पाच, ठेवायच्या वीस. संग्रह म्हणजे संग्रह. साहेब येतील, आम्ही दोघे स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, बसू, मी डबा उघडीन. साहेब म्हणतील, वा गुणवंतराव, जशाच्या तशा ठेवल्या!

1 एप्रिल
सकाळी सवयीने बिडी पेटली. कालच्या बंडलातली होती, म्हणून धरत नाही.

बायकोला डबा दाखवला. वच्छलाने झाकण उघडून बराच वेळ वास घेतला. मग म्हणे, हे नाटक घरात नको जी, मले धुराचा तरास होते. चौतीस वर्षांपासून माझ्या बिडीवर हेच बोलून राह्यली. तिचे माहेर सिरोंचाकडचे, नदीकाठचे. मासोळ्या वाळवण्यात लहानपण गेले. तिले सिगार काय कळणार.

3 एप्रिल, संध्याकाळ
पहिली सिगार. स्लॅबवर अर्धा तास ओढून राह्यलो, धूरच येईना. मागचं टोक बंद असते, ते कापा लागते, हे डब्यावर कुठीच लिहिलं नाई. शेजारच्या सुरेंद्रनं येऊन अडकित्त्यानं कापून देल्लं. सुरेंद्र पॅकिंगमधून रिटायर झाला, जुना दोस्त. म्हणून त्याले बी एक द्या लागली. ती पाचात धरत नाई, पाहुणचाराचं खातं वेगळं.

सुरेंद्र म्हणे का, गुणवंतभाऊ, हे तं सिरोंचाच्या चुट्ट्यासारखं वासून राह्यलं. चुट्टा म्हणजे तिकडची गावठी सिगार, तंबाखूचं पान गुंडाळलं का झाला चुट्टा. मी म्हणलं, अबे, विदेशी मालाची तुलना कशाशी करतं? खाली वच्छला खी खी हासली. जोक तिले समजला नसन, उगाच हासली.

खोकला जरा जास्त झाला. उन्हाचा असन.

9 एप्रिल
वरोऱ्याहून वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. उजवीकडची साहेबाची, डावीकडची माही. वच्छलाले ताकीद देल्ली, साहेबाच्या खुर्चीवर बसाचं नाई, लुगडे वाळू घालाचे नाई. तिनं विचारलं, मंग मी कुठी बसू? मी म्हणलं, तू खालीच राहाशीन, चहा-भजे पाहा लागन ना. ती सरळ खाली चालली गेली. म्हणजे पटलं.

ओढायच्या पाच संपल्या. पण विचार केला का, साहेबासमोर असाच खोकललो तर इज्जत काय राहीन? सराव पायजे. म्हणून आता ओढायच्या दहा, ठेवायच्या पंधरा. पंधरा बी संग्रहच असते.

13 एप्रिल
युट्यूबवर एक जण सांगे का सिगारले ओलावा लागते. इथी एप्रिलमध्ये माणूस वाळून काडी होऊन राह्यला, सिगारले ओलावा कुठून आणू? पण स्टोअरवाल्याचं डोकं आहे. डबा कूलरच्या आत, गवताच्या जाळीमांगं ठेवला. कंपनीनं असं डोकं वापरलंच नाई.

17 एप्रिल, दुपार
कूलरनं धोका देल्ला. डब्यात पाणी गेलं. सिगारीले पांढरी बुरशी.

त्याच्याहून मोठा धोका वच्छलानं देल्ला. मी झोपलो असताना तिनं सगळ्या सिगारी फडक्यानं पुसल्या अन् स्लॅबवर वाळू घातल्या. वाळवणाच्या सरगुंड्याच्या बाजूले, जुन्या लुगड्यावर, सतरा विदेशी सिगारी उघड्यावर पडलेल्या! मी असा ओरडलो का सुरेंद्र धावत आला. वच्छला म्हणे, मंग काय ओल्याच ठेवू का? मासोळी बी वाळवूनच टिकते जी.

उचलताना मोजल्या तं सोळा. एक कावळ्यानं नेली म्हणे. कावळा विदेशी ब्रँड ओळखते, हे मले आज समजलं.

24 एप्रिल
मले मानलं पायजे. आठवड्यात तीनच ओढल्या, त्या बी सरावाच्या. बिडी पूर्ण बंद आहे, चहानंतरची सोडून.

पण डबा उघडला तं नऊ! हिशोबानं तेरा पायजे. घरात चोर आहे.

वच्छलावर संशय घेताच येत नाई. तिले तर धूरच सहन होत नाई. उलट मी घरी राह्यल्यापासून ती सुधरली. गॅस वाचवाले म्हणून रोज दुपारी परसातल्या चुलीवर रांधते, अन् त्या वेळी एकदम चूप. मी काई विचारलं तं नुसतं हूं हूं करते, तोंड उघडत नाई. चौतीस वर्षांत असं कधी झालं नोहोतं. घरात पुरुषाचा धाक असला म्हणजे हे असं होते.

28 एप्रिल
चोर पकडाचाच. दुपारी दोन तास स्लॅबवर पाण्याच्या टाकीमांगं दबा धरून बसलो. टाळूवर भाकर भाजली असती. चारी बाजूनं नजर होती. कोणी आलं नाई. खाली परसात चुलीचा धूर, चुलीपुढं वच्छला गाल फुगवून बसलेली. सगळ्या मोहल्ल्यात पेटलेली सिगार दिसली नाई. अन् पेटलेली सिगार लपवता येत नाई, लाल टोक दिसतेच.

संध्याकाळी पुन्हा एक कमी.

म्हणजे काम सुरेंद्रचं. दुसरं कोण राह्यलं? टोक कापाचं त्यालेच माहीत होतं. त्याच्या दारात जाऊन तोंडावर बोललो. तो म्हणे का, गुणवंतभाऊ, तुमच्या पोराच्या आजारपणात मी नागपूरले आठ दिवस दवाखान्यात झोपलो, अन् तुम्ही मले सिगारचोर म्हणता? असं म्हणून उसनी नेलेली माही शिडी माह्या अंगणात आणून ठेवली. चोराच्या उलट्या बोंबा!

रात्री जेवण गेलं नाई. पण ते त्याच्यामुळं नाई. डाळ खारट होती.

4 मे
खबर आली! साहेबाचा जुना ड्रायव्हर भूपेश आला होता. चौदा तारखेले फोरमन इस्तारीच्या पोरीचं लग्न आहे, दामिनीचं. त्याले बडे साहेब येऊन राह्यले! इस्तारीच्या पोरीसाठी राजस्थानहून कोण येते? निमित्त तिचं, यायचं माह्याकडं.

एक गोष्ट मात्र खटकली. बोलता बोलता भूपेशनं खिशातून सिगार काढली. तीच! तोच सोनेरी कागद. म्हणे साहेबानं पुरा डबा देल्ला, फक्त तुझ्यासाठी म्हणे, कोणाले सांगू नको म्हणे. मी बराच वेळ विचार केला. साहेबाचं मन मोठं आहे. मले देताना ड्रायव्हरनं पाह्यलं असन, त्याले वाईट वाटू नये म्हणून देल्ला. डबा तोच असला तरी भावना वेगळी असते.

भावनेच्या भरात दोन ओढल्या. उरल्या पाच. पण मी घाबरत नाई. संग्रह मोठा नसावा, निवडक असावा. ठेवायच्या दोन. एक साहेबाची, एक माही.

13 मे
दोनच उरल्या. म्हणजे ठरवलं तेच झालं. पहिल्यांदा माहा प्लॅन जसाच्या तसा पार पडला.

वच्छलाले सांगितलं, उद्या संध्याकाळी साहेब येतीन, कांदाभजे अन् मूंगवडे पायजे. खुर्च्या धुतल्या. नवीन काडीपेटी आणली.

14 मे, रात्री
लिहू का नको.

हॉलमध्ये साहेब आले तसा मी पुढं झालो. खिशात सिगार, सोनेरी कागद जरा बाहेर दिसन अशी. पाहतो तं बाजूले कॅन्टीनचा लच्छू. त्याच्या खिशात तशीच सिगार. त्याच्या मांगं भूपेश. नवरीचा बाप इस्तारी, फेटा बांधलेला, त्याच्या बी खिशात. आम्ही चौघं एकमेकाच्या खिशाकडं पाहून राह्यलो. लच्छूच्या डोळ्यात पाणी होतं. तो म्हणे का त्याले साहेबानं सांगितलं होतं, लच्छू, तू माझा खास माणूस.

साहेबानं चौघांचे खिसे पाह्यले अन् खो खो हासले. म्हणे, अरे भई, मी तर आयुष्यात सिगार ओढली नाही! एक सप्लायर दर दिवाळीला देऊन जायचा. बंगला रिकामा करताना मॅडम म्हणाल्या, हा कचरा काढा आधी.

तरी मी हिंमत केली. म्हणलं, साहेब, घरी याचं ठरलं होतं. तुमच्यासाठी वेताची खुर्ची आणली. साहेबानं माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणे, व्हेरी गुड, बसत जा. अन् गाडीत बसले. नागपूरहून विमान होतं.

घरी भज्याची परात झाकून ठेवलेली होती. वच्छलानं विचारलं, साहेब? मी म्हणलं, अर्जंट मीटिंग. ती म्हणे, हं.

भरोसा कोणावर ठेवावा माणसानं?

15 मे, संध्याकाळ
आज जे झालं ते साहेबाच्या धोक्याहून मोठं आहे.

स्लॅबवर एकटा बसलो होतो, दोन्ही सिगारी घेऊन. म्हणलं आता संग्रह कोणासाठी, ओढून टाकू. वादळी हवा सुटली होती. काडी पेटवली का विझे, पेटवली का विझे. अर्धी पेटी संपली. एक सिगार हातातच तुटली. तेवढ्यात वच्छला वर आली अन् सरळ साहेबाच्या खुर्चीवर बसली. उरलेली सिगार माह्या हातातून घेतली, दातानं टोक तोडून थुंकलं, पदराच्या आडोशाले एका काडीत पेटवली. दोन झुरके घेतले. मंग सिगार फिरवली अन् पेटतं टोक तोंडात घालून ओठ मिटले!

मी म्हणलं, अवं, जळशीन! ती हूं हूं. नाकातून धूर.

मंग काढून सांगितलं. तिची माय गोकुळा डोंग्यात बसून जाळं टाकताना चुट्टा असाच ओढे. नदीवर वारा, पेटतं टोक बाहेर ठेवलं का विझते. तिनंच पोरीले शिकवलं. लग्न झालं अन् माह्या मायनं बंद करवलं. म्हणे, तुमच्या बिडीचा तरास काऊन होये, माहीत आहे का? मले बी ओढावाशी वाटे म्हणून. म्हणे, तुमचा डबा उघडला अन् माय आठवली जी. वाळू घातल्या तेव्हापासून चुलीपुढं, एक सिगार दोन-तीन दिवस पुरवली. तुमच्यासाठी दोन ठेवल्या ना!

चौतीस वर्षं लपवलं! घरातल्या घरात! अन् मी तिच्यासाठी टाकीमांगं उन्हात बसलो, दोस्त घालवला!

मी बी सिगार घेतली. तिले जमते तं मले काऊन नाई जमणार. फिरवली, पेटतं टोक तोंडात घातलं अन्

16 मे
जीभ पोळली. टाळू बी. डॉक्टरनं बोलाले मनाई केली. मले काय झालं म्हणून विचारत होते, वच्छलानं सांगितलं का गरम भजं खाल्लं. ती इतकं खोटं इतक्या सहज बोलते, हे बी आजच समजलं.

दुपारी सुरेंद्रकडं गेलो. बोलता येत नाई म्हणून कागदावर लिहून देल्लं, मी तुले मोठ्या मनानं माफ केलं. त्यानं वाचलं, माह्या सुजलेल्या तोंडाकडं पाह्यलं, अन् हासत हासत ओट्यावरच बसला. पण शिडी परत मागून घेऊन गेला. म्हणजे त्याले पश्चात्ताप झाला.

सिगारी संपल्या. संग्रहात डबा. बिडी बी ओढता येत नाई, म्हणजे बिडी बंद, ठरवल्याप्रमाणे.

संध्याकाळी स्लॅबवर बसलो. वच्छला आली अन् साहेबाच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. अंधार पडेपर्यंत बोलत होती. माय, डोंगा, प्राणहितेचा पूर, पहिला चुट्टा. हे सगळं मले चौतीस वर्षांत कधी सांगितलं नाई. ती म्हणे, सांगाले लागलं का तुम्हीच बोलत होते जी.

ती खुर्ची साहेबाची आहे, हे तिले सांगाच लागन. जीभ बरी झाली का सांगतो.