बाबा वाडीत गेले

थुवाल, सौदी अरेबिया, १० नोव्हेंबर २०२५
ती. आईस, साष्टांग नमस्कार.
फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू उलटं ऐकतेस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. बाबा मजेत. बायपासला वर्ष झालं. इथल्या डॉक्टरांनी तपासून खुशाल चाला म्हटलं. तेव्हा तुझा जावई त्यांना तबूककडच्या एका वादीत नेणार आहे. चार दिवस पायी, सामान पाठीवर, मुक्काम तंबूत. खजुरीची सावली, झुळझुळ पाणी. पण तुझा होकार आल्याशिवाय बाबा सॅक भरायला तयार नाहीत. यतीनचा नमस्कार. माया अशीच राहू दे.
तुझी निवेदिता

गुहागर, ११ नोव्हेंबर
चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.
फोटो अंधुक होता, भिंग लावून वाचला. वाडीला जायला होकार कसला मागता? खुशाल जाऊ देत! घरात बसून त्यांचा जीव आंबला आहे. शिंपण चालू असेल तर पाटात पाय सोडून बसू देत. फक्त झाडाखाली झोपायचं नाही, झावळी पडते. चार दिवस चालण्याइतकी वाडी म्हणजे मालक गब्बर दिसतो. मग सामान न्यायला गडी कसा नाही? रिकाम्या हाताने जाऊ नका, चिवडा न्या. गोळ्या विसरू नयेत.
तुझी आई

थुवाल, १८ नोव्हेंबर
ती. आईस, साष्टांग नमस्कार.
आधी हे वाच: बाबा सुखरूप आहेत, माझ्यासमोर बसून भात खाताहेत. तिसऱ्या दिवशी वादीला पूर आला. त्यांच्या डोक्यावर ढगसुद्धा नव्हता. पाऊस लांब डोंगरात पडला आणि लाल पाण्याचा लोंढा घळीतून आला. दोन्हीकडे सरळसोट कडे. यतीनने बाबांना ओढून एका कपारीत चढवलं. सॅक गेली, गोळ्यांसकट. रात्र तिथेच काढली, पाणी ओसरल्यावर बाहेर आले.
तुझं पत्र मला थट्टा वाटली होती ग. गडी, झावळी, चिवडा! आज परत वाचलं आणि उलगडा झाला. मी वादी लिहिलं होतं, आई, दगडातला द. डोंगरांमधलं नदीचं पात्र, एरवी बहुतेक कोरडं. तू वाडी वाचलंस.
निवेदिता

गुहागर, १८ नोव्हेंबर
अहो, नमस्कार.
नीट मायना लिहायचं भान नाही. पत्र वाचलं आणि मी ओट्याशी मटकन खाली बसले. शेजारच्या सकिनाभाभी धावत आल्या, त्यांनी पाणी दिलं. मी इथे झावळीची काळजी करत होते आणि तुम्ही पुरात! माझ्या होकारावर गेलात. काही झालं असतं तर माझं ते ‘खुशाल’ मी जन्मभर कुठे लपवलं असतं? पोरांना अक्कल नाही, पण तुमच्या तोंडाला काय झालं होतं? उत्तर तुमच्या हातचं हवं.
मधुमती

थुवाल, १९ नोव्हेंबर
प्रिय मधुमतीस, सप्रेम नमस्कार.
हे माझ्याच हातचं. घाबरलो होतो, यतीनचा हात रात्रभर सोडला नाही. पण पुराआधीचे दोन दिवस मी ऑपरेशन झालेला माणूस नव्हतो. माझं ओझं माझ्या पाठीवर होतं आणि मागून कुणी सावकाश म्हणत नव्हतं. घरी आलो की तू पुन्हा समुद्रापर्यंत पाठोपाठ येशील. रात्री नाकाशी बोट धरून श्वास पाहशील. मी तेव्हा जागा असतो ग. त्या बोटाची मला पाण्याहून जास्त भीती वाटते. रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझा श्रीपाद

गुहागर, २० नोव्हेंबर
अहो, नमस्कार.
तुम्ही जागे असता! हे वाचून पुन्हा खाली बसायची वेळ आली. मला काय हौस आहे का?
आता माझं ऐका, हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही वाडीत सावलीला आहात, पाहुणचार घेताय, अशा समजुतीत मी रोज झोपत होते. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. तुम्ही कपारीत होतात त्या रात्री तर इतकी गाढ, की सकाळी भाभींनी दार बडवलं तेव्हा उठले. मी पहारा देते म्हणून तुम्ही आहात, असं वर्षभर धरून चालले होते. आणि तुम्ही खरोखर वाचलात त्या रात्री मी घोरत होते.
लवकर या. समुद्रावर एकटे जा, मी पाठोपाठ येणार नाही. रात्रीचं बोट सुटायला मात्र वेळ लागेल. तोवर जागे असलात तर नुसतं हूं म्हणा.
तुमची मधुमती