हनुवटीवरचे डाग

७ जून
बारावीचा निकाल. अख्ख्या लातूरच्या क्लासवाल्यांना आजच फ्लेक्स हवेत. दिवसभर गुणवंतांच्या पुटकुळ्या पुसतेय. मामूंचं एकच पालुपद, "नसरीन, डाग दिसला की काढ. गिऱ्हाइकानं सांगायची वाट बघू नको." फोटोग्राफी शिकायला म्हणून मामूंच्या स्टुडिओत आले, कॅमेऱ्याला अजून हात नाही. वैताग.

८ जून
फ्लेक्सवरचीच एक मुलगी, रेखा. औशाकडची. आईचा फोटो घेऊन आली. आई भूकंपात गेली तेव्हा ही पाळण्यात, मावशीनं वाढवलं. फोटो हा एकच, ढिगाऱ्यातून निघालेला, बुरशीनं भरलेला, काचेला चिकटलेला. "मोठा करून दे ताई. एकदा नीट बघायचीय मला ती." काचेसकट स्कॅन केला.

९ जून
उजेड वाढवला, पिवळेपणा घालवला. चरे, बुरशी, हनुवटीवरचे डाग, सगळं साफ. मामू म्हणाले, "माशाल्ला!" मी हवेत. त्याच हवेत मूळ फोटो काचेवरून सोडवायला गेले, आणि चेहऱ्याचा पापुद्रा काचेलाच राहिला. भुगा. जाऊ दे, कॉम्प्युटरमधे आहे.

११ जून
रेखा खूश. मावशी मात्र बघतच राहिली. "ही अक्का न्हाई. हनुवटीवरलं गोंदण कुठं गेलं?"
रेखा हळूच म्हणाली, "बुरशीत मीबी डागच समजत होते गं."
स्कॅन उघडायला गेले तर साफ केलेलाच उघडतोय. त्याच नावानं सेव्ह केला मी. मामूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आधी कॉपी. डोकं कुठं होतं माझं? भुग्याचंही सांगून टाकलं. रेखा ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ जून
मावशी आपणहून आली. हनुवटी पुढं केली. "एकाच बाईनं गोंदलंय दोघींला, जत्रंत. बघून काढ." तीन हिरवे ठिपके, ओळीत. मामूंनी कॅमेरा माझ्या हातात दिला. पहिल्यांदा. आनंद कसला, तीनतीनदा फोकस तपासला.
मग मावशीला आठवलं. "अक्का लई रडली, हालली. एक ठिपका सरकला तिचा."
"कुठल्या बाजूला?"
"...ध्यानात येईना बघ."

१३ जून
आज कॉपी करूनच बसले. ठिपके ओळीत ठेवले की मावशी दिसते. एक डावीकडं सरकवून पाहिला, मग उजवीकडं, मग खाली. प्रत्येक कॉपी वेगळ्या नावानं सेव्ह. रेखा पडद्याला नाक लावून सगळ्या बघतेय.
"यातली माझी आई कोणती, ताई?"
मला विचारतेय.