पाहुणे कुठले म्हणायचे?

११ मे

बदलीची ऑर्डर आली तेव्हा नांदेडच्या वॉर्डात पेढे वाटले होते मी. वेडीच. लातूरला हजर होऊन आठवडा झाला, अजून मैत्रिणीच्या हॉलमध्ये गादी टाकून पडलेय. ड्युटी संपली की घरं बघायची, रोज नन्नाचा पाढा. राहीचे अकरावीचे क्लास जूनमध्ये सुरू होतात. त्याच्या आत घर पाहिजे. मिलिंद नांदेडच्या शाळेत शिकवतो, तो शनिवारी येईल. पण अण्णांना इकडंच आणावं लागणार. सासऱ्यांच्या पायाची शुगरची जखम रोज धुवायची असते आणि त्यांच्या लेकाला रक्त बघून घेरी येते.

आजचं घर छान होतं. मालक म्हणाले, "नाव?" सुनंदा मिलिंद. "आडनाव?" लावत नाही. "लावत न्हाई म्हणजे? असंल की काहीतरी." मग जरा थांबून, "पाहुणे कुठले तुमचे?"

झालं. सोयरीक कुठं कुठं केली ते सांगितलं की जात आपोआप कळते, तोंडानं विचारायला नको. मिलिंदचे सगळे सांगितले, किनवटकडचे. खरे खरे. मग म्हणे घर भाच्याला द्यायचं ठरलंय. हा भाचा पाच मिनिटांपूर्वी कुठं होता काय की.

१४ मे

मिलिंदच्या आतेबहिणीचा फोन. इथं तिच्या गल्लीत खोल्या रिकाम्या आहेत. "वहिनी, आपल्या लोकांत ऱ्हा ना, कशाला दारोदार फिरून राहिलीस?" मायेची आहे. पण त्या गल्लीत मी लग्नाला अठरा वर्षं झाली तरी "लिंगायताची पोरगी". आणि माझ्या माहेरच्या गल्लीत तर मी मेलेलीच.

लग्नात आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ना बौद्धांची गल्ली, ना लिंगायतांची. सगळे मिसळून राहतात तिथं राहायचं. आडनाव टाकलं तेही त्याच दिवशी. अण्णांनी स्वतः पाटीवरचं खरवडून काढलं. नांदेडला जमलंही ते. खाली रशीदभाई टेलर, समोर मारवाड्याचं दुकान. राही तिन्ही घरांत जेवत मोठी झाली. असं घर लातुरात नसेल का एक तरी?

१७ मे

होतं. जुन्या वस्तीत, मशिदीच्या मागं, वरचा मजला. मालकांचं कूलर दुरुस्तीचं दुकान. रिझल्ट लागला म्हणून राहीपण आलीय, ती बरोबर होती. मालकांनी काहीच विचारलं नाही. अण्णांच्या पायाचं ऐकून म्हणाले, "जिन्याला कठडा लावून देतो बाई. बुजुर्ग माणसाला लगेच आणा."

आणि मी काय म्हणाले? "सांगते."

खाली येऊन मिलिंदला फोन लावला. घर चांगलंय रे, पण राहीला क्लासवरून यायला रात्र होणार, आणि ती वस्ती... तो "हं" म्हणाला. मी पण "हं". पुढचं बोलायची लाज वाटली दोघांनाही.

राही शेजारीच उभी. "मम्मी, नांदेडला आपण रशीदचाचांच्या वरच राहतो ना?" मी म्हणाले, गप बस, तुला काय कळतं. भर रस्त्यात ओरडले तिच्यावर.

२१ मे

मैत्रिणीच्या सासूबाई आज भांडी आपटत होत्या. कुणासाठी ते कळायला डिग्री लागत नाही. मिलिंद सांगतो, अण्णांची जखम पुन्हा ओली झालीय. पाय काळा पडायला लागला तर? आमच्या वॉर्डात रोज बघते मी, अंगठ्यापासून सुरू होतं. बोटं जाताना बघितलीत.

लाज गिळून कूलरवाल्या भाईंकडं गेले. क्लासच्या पोरांना दिली म्हणे जागा. "वाट बघितली बाई तुमची. तुम्ही फोनच केला न्हाई."

चूक माझी. शंभर टक्के माझी. अख्खं आयुष्य मिसळून राहायच्या गप्पा, आणि समोर आलं तेव्हा शेपूट घातलं.

२४ मे

घर मिळालं.

क्लासच्या मागची गल्ली. मालकीण सुशीलाकाकू खाली राहतात, वर दोन खोल्या, मोठी गॅलरी. माझ्या तोंडावर थकवा दिसला असेल, आधी पाणी दिलं. मग, "माहेर कुठलं गं?" रेणापूर. "रेणापुरात कुणाची?" बाबांचं नाव सांगितलं.

"अगं बाई! आपल्यातलीच की तू!" एकदम हात धरला माझा. त्यांची नणंद दिलीय आमच्या भावकीत. गळ्याकडं बघून म्हणाल्या, "लिंग न्हाई बांधत?" मी म्हणाले, दवाखान्यात गळ्यात काही चालत नाही. "आडनाव?" लावत नाही. "हाव, शिकल्या-सवरल्याचं असंच असतं." "पाहुणे कुठले?" बहीण शिरूर अनंतपाळला दिलीय, मावशी रेणापुरातच.

एक शब्द खोटा बोलले नाही. मिलिंदकडचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गरम धपाटे वाढले त्यांनी, मी खाल्ले. भूक लागली होती.

लग्न झाल्यापासून बाबांनी माझं नाव घेतलेलं नाही. आज त्यांच्या नावावर मला घर मिळालं. हसू का रडू.

२ जून

सामान लागलं. काकू लई जीव लावतात. रोज भाजी वर येते. राहीला "माझी पोर" म्हणतात. सोमवारी मला महादेवाला घेऊन गेल्या, मीही गेले गुमान.

आता अण्णा येणार. अण्णा रोज सकाळी आंघोळ झाली की गॅलरीत उभं राहून बुद्धवंदना म्हणतात, खड्या आवाजात. चाळीस वर्षांत खंड नाही. नांदेडला अख्खी गल्ली त्यावर उठायची. जरा उशीर झाला तर रशीदभाई खालून ओरडायचे, "अण्णा, तब्येत ठीक है ना?"

इथल्या गॅलरीच्या बरोबर खाली काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे.

मिलिंदला म्हणाले, तू सांग ना अण्णांना, जरा हळू म्हणा म्हणून. तो म्हणाला, "मी न्हाई सांगणार. घर तू घेतलंस."

बरं. मी घेतलं. तू तिथं बसून तत्त्वं सांभाळ.

६ जून

अण्णा आले. अहमदपूरपर्यंत बसमध्ये उभं राहावं लागलं, पाय सुजलाय. ड्रेसिंग करता करता सांगून टाकलं सगळं. मान खाली घालूनच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सूनबाई, आडनाव टाकलं ते कुणी जात विचारू नये म्हणून. लपवायला न्हाई."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

७ जून

सकाळी गॅलरीत अण्णा हात जोडून उभे. ओठ हलत होते. आवाज नाही.

मी चहा घेऊन गेले होते, तशीच परत आले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. काय करून बसले मी. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं आडनाव खरवडलं, त्याचा आवाज मी बंद केला. दोन खोल्यांसाठी.

दुपारी काकू वर येऊन म्हणाल्या, "तुझे सासरे किती शांत आहेत गं. नशीब काढलंस."

१० जून

जखम सुकायला लागलीय. रोज नीट धुतली तर महिन्यात भरेल. आता घर सोडून कुठं नेऊ ह्यांना? परत कुणाच्या हॉलमध्ये?

अण्णा रोज ओठ हलवतात. माझ्याशी नेहमीसारखं बोलतात, त्यामुळं अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

१२ जून

आज राहीची नवी मैत्रीण अभ्यासाला आली होती. मी दूध तापवत होते. ती पोरगी बोलता बोलता विचारते, "तुम्ही कोण गं? आडनाव लावत नाहीस ना तू." शाळकरी पोरी, पण प्रश्न मोठ्यांचाच.

राही म्हणाली, "माझं आजोळ रेणापूरचं. पाहुणे सगळे तिकडचेच आमचे."

अडखळली नाही. पापणी लवली नाही. माझाच सूर, माझेच शब्द. अण्णा बाहेर खुर्चीत होते. त्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

पोरगी गेल्यावर राहीला विचारलं, असं का सांगितलंस? ती माझ्याकडं नवल वाटल्यासारखी बघायला लागली. "तूच तर काकूंना सांगितलंस. खोटं थोडंच आहे?"

दूध उतू गेलं तेही कळलं नाही. तिला कधी लाज वाटू नये म्हणून घर शोधत होतो आम्ही. आणि त्याच घरात तिला हे शिकवलं. कुणी? मी.

१३ जून

मिलिंदला म्हणाले, मी खाली जाऊन सांगतेय. तो म्हणाला, "घर जाईल." जाऊ दे. "अण्णांचा पाय?" मी फोन ठेवला.

काकू मेथी निवडत होत्या. उंबऱ्यातूनच सांगितलं. मिलिंद कोण, अण्णा कोण, गॅलरीत सकाळी ते काय म्हणतात, सगळं. काकू निवडतच राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, सामान काढ.

"आधी सांगितलं असतंस तर..." एवढं म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "मला काही न्हाई बघ. पोर गोड हाय, तू गुणाची हायस. पण आमच्या ह्यांना सांगू नको. गल्लीत तर अजिबात नको. चाललंय तसं चालू दे. म्हातारबाबांना म्हणावं, मनातल्या मनात म्हणा. देवाला काय, मनातलं बी कळतं."

मेथीची एक जुडी हातात दिली माझ्या.

शिव्या घातल्या असत्या तर सोपं होतं गं काकू. भांडता आलं असतं.

१४ जून

सकाळी अण्णांना काकूंचं बोलणं सांगितलं. वर मीच म्हणाले, तुम्ही मोठ्यानं म्हणा. काय व्हायचं ते होऊ दे, मी बघते.

अण्णांनी मान हलवली. "आता मी ठरवणार न्हाई. तू बी नको ठरवूस. ऱ्हायचं पोरीला हाय इथं, दोन वर्षं. तिला विचार."

राही दारात सॅक अडकवून उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. तिनं आधी अण्णांकडं बघितलं, मग वाकून खाली काकूंच्या खिडकीकडं. खिडकी उघडी होती, फोडणीचा वास येत होता.

"आजोबा, उद्यापासून मोठ्यानं म्हटलं तर चालेल का? आज माझी टेस्ट आहे."

अण्णा म्हणाले, "हाव बेटा. जा. नीट लिही."

ती जिना उतरून गेली. खालून काकूंची हाक आली, "राही, डबा घेतलास का गं?"

"हो काकू," राही म्हणाली.