तुमच्या झोपेची राखण

अहो,

दोन वर्षं तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय, आज कागदावर भांडते. कारण काल मीनलने तुमची चोरी सांगितली.

मी कुठे आहे ऐकलंत तर हसाल. ग्रीसच्या एका बेटावर, समुद्राकाठच्या चिमुकल्या गावात. लेकीने सुट्टी काढली आणि मी हो-नाही करत असताना मला घेऊनच आली. घरमालकीणबाईने पहिल्याच दिवशी घड्याळात तीन आणि साडेपाचवर बोट ठेवून दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं. या वेळात सगळं गाव झोपतं. दुकानं बंद, खिडक्या बंद, लाटा तेवढ्या ऐकू येतात.

मी म्हटलं, अगं बाई, हे तर आपलं मोशीचं घर!

आठवतंय ना? थर्ड शिफ्ट असली की कंपनीची बस सकाळी तुम्हाला चाकणहून आणून सोडायची. चहा घेऊन तुम्ही आतल्या खोलीत आडवे व्हायचात आणि मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायचे. बेलची वायर काढलेली. भाजीवाला दिसला की मी हात हलवायचे, बिचारा न ओरडता पुढे जायचा. झोप झाली नाही आणि मशीनवर डुलकी लागली तर? तुमचा हात गेला तर? एवढंच डोक्यात असायचं.

एकदा मीनल आत खिदळली म्हणून मी तिच्या पाठीत धपाटा घातला. सहा वर्षांची पोर हो. तो धपाटा मला आजवर टोचत होता. काल दुपारी मी तिला म्हटलं, "तुझं लहानपण मी कुजबुजण्यात घालवलं गं."

तर ही हसायलाच लागली. "आई, शाळेतून आले की तू मला बाबांशेजारी गप पडायला पाठवायचीस ना? ते जागेच असायचे. आम्ही चादरीत पत्ते खेळायचो. बाबा म्हणायचे, हळू बोल, बाहेर साहेब बसलेत."

साहेब? मी?

आणि त्या दिवशी ती हसली ती तुम्ही पत्ता लपवला म्हणून! मी धपाटा घातला तेव्हा तुम्ही घोरत होतात की. खोटं घोरत होतात ना? लाज नाही वाटली?

आधी मी पोट धरून हसले, मग रडू आलं. तुमची दोघांची मजा झाली, बरंच झालं. पण मला का नाही हो बोलावलंत आत? चार पावलांवर तर होते. रिटायर झाल्यावर दिवसभर गप्पा मारू म्हणालात, आणि सहा महिन्यांत निघून गेलात.

खरं सांगू? अजूनही दुपारी मी भांडं वाजू देत नाही. बेलची वायर तशीच लोंबतेय. मोशीला गेले की आधी ती जोडून घेणार, शब्द देते.

मीनल पत्ते घेऊन चादरीत शिरलीय, मला खुणावतेय. जाते मी. आज दाराशी कुणी बसायचं नाही.

तुमची साहेब,
शालन