बाबांचा घास

८ सप्टेंबर, सोमवार

सृष्टी आज स्वतःहून म्हणाली, "आई, पितृपक्षभर बाबांचा घास गच्चीवर मी ठेवत जाईन. तू ऑफिसला जा."

बरं वाटलं. मागच्या महिन्यात यांचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष. अकरावीतल्या मुलीला हे कुठे सुचतं! ताट घेऊन जिना चढताना पाठमोरी अगदी हेच. तसेच रुंद खांदे, तशीच एका बाजूला कललेली मान. मी म्हटलंही तसं. ती भराभर वर निघून गेली.

९ सप्टेंबर

कावळा लगेच आला म्हणे. ताट साफ. म्हणजे हे समाधानी आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका. "पावसाळ्यात सगळ्यांचेच गळतात गं," म्हणाली. तिचा दंड धरला तर माझी बोटं पलीकडे टेकली. जेवलीस का विचारलं की "हो". डब्यातल्या पोळ्या तर रोज संपलेल्या असतात. मग मी काय म्हणणार?

१२ सप्टेंबर

बाथरूमचं दार आतून बंद. नळाचा आवाज. बराच वेळ.

हेही असेच आत गेले होते. मी चहा गाळत होते. नळ चालूच होता, म्हणून मला काही वाटलंच नाही. दार तोडलं तेव्हाही तो चालूच होता.

आज मी दाराशी उभी राहिले. हाक मारायची हिंमत होईना — उत्तर आलं नाही तर? शेवटी मारली.

"काय आहे गं आई! दोन मिनिटं जगू दे ना!"

एवढी खेकसली, तरी मला हायसं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वरच्या मजल्यावरच्या आक्काबाई शेजारच्या दोरीपाशी. म्हणाल्या, "सृष्टीची आई, राग नका मानू हां. पण तुमच्या मिस्टरांची भूक लय मोठी!"

मला कळेना.

"दोन पोळ्या, भाजी, वरणभात. आमच्यात एक घास ठेवतात बाई. आणि पितृपक्षाचं सोडा, पोरगी गणपतीच्या आधीपासून ताट आणतीये. कावळे माजले, पोरगी पार काटकी झाली!"

हसता हसता त्या थांबल्या. माझं तोंड बघून असेल.

ओला टॉवेल हातात धरून मी तशीच उभी. कावळा लगेच येतो म्हणून रोज देवापुढे हात जोडत होते मी. तो तिचं जेवण खात होता!

१५ सप्टेंबर

सृष्टीला विचारायची भीती वाटली. म्हणून पूजाला फोन केला. पूजा धनराज भाऊजींची मुलगी, घोटीला असते. दोघी बहिणींचं मोबाईलवर सगळं चालू असतं.

आधी उडवाउडवी. मग म्हणाली, "काकू, वर्षश्राद्धाच्या दिवशी मी इन्स्टावर एक टाकलं होतं. काकांचा तरुणपणीचा फोटो आणि शेजारी सृष्टीचा. 'डिट्टो बाबा' असं लिहिलं होतं. मी प्रेमानेच टाकलं हो!"

"मग?"

"तिच्या कॉलेजची मुलं आली खाली कॉमेंटमध्ये. 'मिशी तेवढी राहिली.' 'हिला नवरी नको, नवरदेव करा.' असलं काहीतरी. मी काढून टाकलं नंतर. पण त्यांनी फोटो घेऊन ठेवला होता. फिरवला."

मग तिने मला सृष्टीचा हल्लीचा फोटो पाठवला, इन्स्टावरचा. गोरी, टोकदार हनुवटी, बारीक सरळ नाक. आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच मुलीचा आला. यांचं नाक शोधलं मी त्यात. यांचा रंग शोधला. कुठेच नाही. फिल्टरने पुसून काढलेले.

१६ सप्टेंबर

विचारलं. ओरडले नाही. तीही ओरडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"पूजाताईने सांगितलं ना?" एवढंच. मग म्हणाली, "मुलं हसतात ते जाऊ दे. आई, तूसुद्धा माझ्याकडे बघत नाहीस. बाबांकडे बघतेस."

 

१८ सप्टेंबर, गुरुवार

कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, वजन आणखी घटलं तर ॲडमिट करावं लागेल, असल्या उपासाने हृदयावर ताण येतो.

हृदय! त्यांनी सहज म्हटलं. बाथरूममध्ये यांचंही हृदयच बंद पडलं होतं.

समुपदेशक बाईंची सोमवारची वेळ मिळाली आहे. धनराज भाऊजींचा फोन — "वहिनी, मोबाईल काढून घ्या, दोन दिवसांत सरळ होईल." काढून घेतला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी माझ्याच हाताने परत दिला.

२० सप्टेंबर

गच्चीवर घास आता मीच नेते. तिच्या ताटात आज मीठ तेवढं हललं होतं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

यांच्या तिथीला भाऊजींना रजा नव्हती, म्हणून पान आज ठेवलं. खीर, कढी, उडदाचे वडे. सृष्टी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी.

कावळा टाकीवर बसला होता. येईना. भाऊजींनी हात जोडले, "दादा, सृष्टीला शिकवू. तिचं लग्न थाटात करू. काळजी करू नको." तरी येईना.  यांना काय हवंय ते मला माहीत होतं. पण ते माझ्या हातात नव्हतं.

सृष्टी पुढे आली. खाली बसली. पानावरचा वडा उचलला.

"अगं ए! बापाचं पान आहे ते!" भाऊजी ओरडले.

"मी डिट्टो बाबा ना, काका? मग चालतं."

अर्धा खाल्ला. अर्धा परत पानावर ठेवला.

कावळा आला की नाही, मी बघितलं नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत होते.

गिळला.